डोकेखाऊचा पत्ता

देवळीच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं यंत्र आणि एक नवरा, असा सगळा पसारा. कॉम्प्युटर मी चालवते, बाकीचं नवरा चालवतो. तो शांत माणूस आहे, त्यामुळे गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून आत येतं आणि माझ्याशी बोलून बाहेर जातं. दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी आहे : 'फोन करू नये. प्रत्यक्ष यावे.' त्याच्याखाली फोन नंबर आहे. नंबर द्यायचा आणि फोन करू नये म्हणायचं, हे कसं, असं नवऱ्यानं एकदा विचारलं होतं. एकदाच.

फॉर्म कोणताही असो, दाखल्याचा, नोकरीचा की परीक्षेचा, त्यात ईमेलचा रकाना असतोच. आणि आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ईमेल नसतो. 'टाका ना मॅडम तुमचाच,' म्हणतात, जणू काही मी माझी छत्री देणार आहे. सुरुवातीला मी टाकत गेले. मग वेबसाइटच सांगायला लागली की हा ईमेल आधीच नोंदलेला आहे, दुसरा द्या. मग प्रत्येकासाठी नवा ईमेल उघडायला लागले. पासवर्ड एका वहीत लिहायचे. एक दिवस सासूबाईंनी त्या वहीची पानं फाडून डब्यात लाडवांखाली घातली. बत्तीस माणसांचे पासवर्ड तुपात गेले. त्या दिवशी मी कोणाला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शिवाय जाहिराती. माझ्या ईमेलच्या पेटीत रोज सकाळी फवारणीचे पंप, इंग्रजी बोलायचे क्लास, केस उगवणारं तेल आणि बिनव्याजी कर्ज यांची रांग लागलेली असायची. कोणत्या चोरानं माझा पत्ता कोणाला विकला, काही पत्ता लागायचा नाही.

दिवाळीत नणंदेची मुलगी नागपूरहून आली. ती कॉम्प्युटरमधलंच काहीतरी करते. तिनं दुकानाच्या नावाचा स्वतंत्र पत्ता घेऊन दिला आणि म्हणाली, "मामी, आता त्या गोल 'ॲट'च्या आधी काहीही लिहायचं. सगळं तुझ्याच पेटीत येईल. प्रत्येकाला वेगळा पत्ता दे. ज्या पत्त्यावर कचरा यायला लागेल, तिथूनच तो फुटला असं समज आणि तेवढाच पत्ता बंद कर."

"काहीही लिहायचं?" मी विचारलं.

"काहीही."

माझ्यासारख्या बाईला असं सांगू नये.

मला ते नीट कळायला अर्धा तास लागला. सासूबाई बाजूला वाटाणे सोलत होत्या, त्यांना एका मिनिटात कळलं. त्या म्हणाल्या, "त्याच्यात का हाय? मी शेजारी साखर फुलाच्या वाटीत देतो, समोरच्या घरी कानवाल्या वाटीत. वाटी कोणाकडं अडकली थे मले बसल्याजागी समजते. आन् ज्याच्याकडं अडकते, त्याले दुसऱ्या खेपेले साखर नाई."

आता माझ्या माहेराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या घोळाचं मूळ तिथे आहे. माझं माहेर समुद्रपूरकडचं. आमच्या गावात एकाच नावाची पाच-पाच माणसं होती, त्यामुळे कोणाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची सोयच नव्हती. प्रत्येकाला गावानं दिलेलं एक नाव असायचं आणि ते काही लाडाचं नसायचं. एकाला सगळे 'उद्या' म्हणत, कारण कुठलंही काम सांगितलं की तो उद्या म्हणायचा. एका काकूंना 'अर्धा कप' म्हणत. ही नावं तोंडावर कोणी घेत नसे, पण पोस्टमनलासुद्धा तीच माहीत असत. मी त्या गावात वाढले. माणूस समोर आला की माझ्या डोक्यात त्याचं नाव आपोआप पडतं, आणि ते कधीच चांगलं नसतं.

तेव्हा मी पत्ते बनवायला बसले. ज्या म्हाताऱ्याचा अंगठा मशीनवर कधीच उमटायचा नाही, तो 'अंगठा'. वीस वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन येणारा 'जुनाफोटो'. ज्याचा मामेभाऊ तलाठी आहे आणि जो ते दर दोन वाक्यांनी सांगतो, तो 'मामेभाऊ'. सही करायच्या वेळी हात थरथरतो म्हणून चहा मागणारा 'आधीचहा'. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं सगळं. खरं नाव विसरले तरी पत्ता बघितला की माणूस डोळ्यांपुढे उभा राहायचा. मला फार अभिमान वाटला. नवऱ्यानं यादी वाचली आणि म्हणाला, "हे लोकाइले दिसते का?"

"कोणाला दिसतंय? कॉम्प्युटरच्या पोटातली गोष्ट आहे ती."

उचलली जीभ लावली टाळ्याला. फॉर्म भरल्यावर त्याची प्रिंट निघते, त्या प्रिंटवर ईमेल छापलेला असतो, ती प्रिंट मी स्वतःच्या हातानं त्या माणसाला देते, हे मला सुचलंच नाही. देवळीतले लोक प्रिंटवर आपला फोटो बरा आला का एवढंच बघतात, म्हणून माझं खपून गेलं.

पहिला चोर मी पंधरा दिवसांत पकडला. वर्ध्यात एका साडीच्या दुकानात लकी ड्रॉची चिठ्ठी भरली होती, तिथे मी 'साडीवाला' हा पत्ता दिला होता. त्याच पत्त्यावर एका दाताच्या दवाखान्याची जाहिरात आली : आपले दात हलतात का? मी बस पकडली आणि सरळ त्या दुकानात गेले. मालक गादीवर बसून गिऱ्हाइकाला काठ दाखवत होते.

"माझा पत्ता तुम्ही विकला," मी म्हटलं.

"ताई, मी साड्या विकतो. पत्ते कायले विकू जी?"

मी फोन काढून दाखवला. 'साडीवाला' हे तुम्हालाच दिलेलं नाव, जगात दुसऱ्या कोणाला माहीत नाही, मग दातवाल्याला कसं कळलं? त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अवो, जावई आहे जी माहा! मागच्या महिन्यातच दवाखाना टाकला त्यानं. मीच म्हटलं, बाप्पा, आपल्या गिऱ्हाइकाइले कळव." मग ते माझ्या तोंडाकडे वाकून बघायला लागले. "हलते का एखादा?"

मी एक साडी घेऊन परत आले. दात हलत होता, हेही खरं. पण पत्ता मी बंद करून टाकला, आणि बंद करताना जो आनंद झाला तो काही निराळाच. एक बटण दाबायचं आणि साडीवाला कायमचा कचऱ्याच्या डब्यात. मला चटकच लागली. त्या महिन्यात मी नऊ पत्ते बंद केले.

त्यातला आठवा होता 'डोकेखाऊ'.

ही बाई देवळीपासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या गावची. शाळेत खिचडी शिजवायची. एका सरकारी वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली होती, तिचा फॉर्म माझ्याकडे भरला होता. वयाची अट होती आणि तिचं वय त्यात जेमतेम बसत होतं. पुढच्या वर्षी ती त्या फॉर्मला चालणार नव्हती. म्हणजे हा तिचा शेवटचा फॉर्म होता आणि ते तिनं मला पहिल्याच दिवशी सात वेळा सांगितलं. सातव्या वेळी तिचा पत्ता ठरला.

फॉर्म भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायला लागली. शाळेतलं आटपून दुपारच्या बसनं यायची, पायरीवर चप्पल काढायची आणि विचारायची, "मॅडम, मेल आला का?"

"नाई आला." तिच्याशी बोलताना मीही तिच्यासारखीच बोलायला लागले होते.

"एकडाव पाहून घेता का जी?"

"पाह्यलं. नाई आला."

"मंग उद्या येतो."

उद्या यायची. 'प्रत्यक्ष यावे' असं मीच रंगवून ठेवलं होतं, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. नवरा तिला पाणी द्यायचा, स्टूल द्यायचा आणि वसतिगृहात एका वेळी किती पोळ्या लागत असतील यावर तिच्याशी चर्चा करायचा. मी तिकडे दुसऱ्याचा अंगठा उमटवत बसलेली.

मग डोकेखाऊच्या पत्त्यावर जाहिराती सुरू झाल्या. स्पर्धा परीक्षेचे क्लास, हमखास नोकरी, मुलाखतीत हसावं कसं. एका दिवसात अकरा. तिचा पत्ता कुठून फुटला देव जाणे. मी भडकले. आधीच ही रोज दारात, आता हिच्या नावानं कचराही माझ्याच घरात. दाबलं बटण. डोकेखाऊच्या नावानं जे येईल ते सरळ डब्यात.

एवढं करून मी तिच्या नोकरीची वाटच बंद केली होती, आणि माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ती रोज विचारायची आणि मी पेटीत बघून छातीठोकपणे सांगायचे, नाई आला. पेटीत येणार कुठून? सरकारी पत्राचा मेसेज फोनवरही येतो आणि तो माझ्याच फोनवर आला असणार, पण दिवसभर लोकांचे ओटीपी येऊन येऊन तो फोन म्हणजे नुसती गिरणी झालेली.

एका सोमवारी वीज गेली, सर्व्हर बसला, दहा माणसं ताटकळत उभी, आणि ती आली. "मॅडम, मेल आला का?"

मी ओरडले. "बाई, मेल आला तर मीच सांगीन तुले! रोज रोज येऊन डोकं नको खाऊ माह्यं! तुझ्यासाठीच बसली का मी इथं?"

दहाही माणसं वळून बघायला लागली. तिनं मान हलवली, "बरं जी" म्हणाली, चप्पल घातली आणि गेली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लॅमिनेशनचं यंत्र पुसायला घेतलं. वीज नव्हती, तरी पुसत राहिला.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी दुपारची बस आली, थांबली, गेली. पायरीवर चप्पल नाही. मी काम करत होते, पण माझं लक्ष पायरीकडे. शेवटी नवरा म्हणाला, "आज बी नाई आली."

"कोण?" मी म्हटलं, जणू काही मला माहीतच नव्हतं.

खरं सांगते, मला करमेना. चार वाजता गर्दी ओसरली तेव्हा मी पेटी उघडली, काही नव्हतं. मग कशी कोण जाणे, कचऱ्याचा डबा उघडला. मुलाखतीत हसावं कसं, हमखास नोकरी, हमखास नोकरी, आणि त्यांच्यामध्ये ते सरकारी पत्र. आठ दिवसांपूर्वीचं. कागदपत्रं तपासणी व मुलाखत, वर्धा, शुक्रवार, सकाळी दहा.

शुक्रवार म्हणजे उद्या. ती आठ दिवसांत चार वेळा तरी येऊन विचारून गेली होती आणि पत्र इथेच पडलेलं होतं. शेवटच्या वेळी तर मी तिला हाकलून दिलं होतं.

तिचा फोन नंबर बघायला फॉर्म काढला. फॉर्मवर नंबर माझाच. ओटीपीसाठी मीच टाकलेला.

दुकानाला कुलूप घातलं. स्कूटर मी चालवली, नवरा मागे पत्राची प्रिंट छातीशी धरून. "हळू चालव, मुलाखत उद्या हाय," तो दर खड्ड्याला सांगत होता. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, आणि मी वाटभर स्वतःलाच शिव्या देत होते. दुसऱ्यांना देते त्यापेक्षा चांगल्या.

गावात शिरल्यावर पारावर चार म्हातारे पत्ते खेळत होते. मी फॉर्मवरचं तिचं तिन्ही शब्दांचं नाव वाचून दाखवलं.

"अशी कोणी नाई इथं," एक म्हणाला.

"शाळेत खिचडी शिजवते."

"खिचडी दोघी शिजवते. पण हे नाव कोणाचं नाई."

गाव कोणाचं कागदावरचं नाव ओळखत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती, मी अशाच गावची. पण मला तरी तिचं दुसरं काय माहीत होतं? दीड महिना ती बाई माझ्या दारात आली आणि मला तिचं घर कुठे आहे, घरी कोण आहे, काही ठाऊक नाही. एकच नाव माहीत होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "रोज देवळीला जाते. सारखं विचारत असते. म्हणजे... डोकं खाते."

चौघांनीही पत्ते खाली ठेवले.

"अशी सांगा ना!" एक जण म्हणाला. "थे शेवटचं घर, निळ्या दाराचं. डोकं खाते म्हणजे? सरपंचाचं दोन वर्स खाल्लं तिनं. तवा शाळेत नळ आला."

"माह्यं बी खाल्लं," दुसरा म्हणाला. "मोतीबिंदू काढ, मोतीबिंदू काढ. काढला शेवटी. आता हे पत्ते दिसून राह्यले थे तिच्यामुळं."

निळ्या दारात ती ज्वारी पाखडत बसली होती. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि उभी राहिली. मला कसं सुरू करावं कळेना, तर तिनंच नेहमीच्या सवयीनं विचारलं, "मेल आला का?"

"आला," मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. माझ्यासारखी बाई, नवऱ्यासमोर, परक्या अंगणात. सगळं सांगून टाकलं : बटण, डबा, आठ दिवस. तिनं ऐकून घेतलं, प्रिंट हातात घेतली आणि बोट ठेवून वाचायला लागली. बोट वरच्या ओळीवर, पत्त्यावर, येऊन थांबलं.

"ते... ते मी उद्याच्या उद्या बदलून..." फॉर्म एकदा भरला की काही बदलता येत नाही, हे मी दिवसातून वीस जणांना सांगते.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "मले त्याच दिवशी दिसलं होतं. इंग्रजी अक्षरं येते मले."

"मग काही बोलली का नाही?"

"म्हटलं, नाव काही का असेना. मेल त्याच्यावरच येणार हाय."

मग तिनं चहा टाकला. माझ्या कपात तिनं साखर जास्त घातली होती आणि मी तो चहा तळापर्यंत प्यायले.

शुक्रवारी मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर वर्ध्याला गेले. कागदांची फाइल मी धरली, नवऱ्यानं पाण्याची बाटली. ती फाइल घेऊन आत गेली आणि आम्ही बाहेर बाकावर. त्या फाइलच्या पहिल्याच पानावर, फोटोच्या खाली, मोठ्या अक्षरांत डोकेखाऊ. अख्ख्या मुलाखतीचं हसं होणार आणि ते माझ्यामुळे. मी आयुष्यात पहिल्यांदा नवस बोलले, तोही कोणाला बोलावा हे न ठरवता.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली.

"विचारलं?" मी म्हटलं.

"विचारलं ना. मोठ्या मॅडमनं वाचलं आन् हासल्या. म्हणे, हे काय नाव? म्या म्हटलं, मॅडम, पोट्टे अर्ध्या ताटावरून उठते. ताट साफ होत नाई तोवर मी त्याइचं डोकं खातो. गावातले सारे असंच म्हणते मले."

"माझं नाव नाही सांगितलं?"

"तुमचं नाव मले कुठं माहीत हाय जी?"

नवऱ्यानं बाटली तिच्या हातात दिली.

त्यानंतर मी डोकेखाऊचा पत्ता उघडाच ठेवला. रोज अकरा जाहिराती येत, मी एकेक बघून पुसत असे. ती दुपारच्या बसनं येत असे. "मेल आला का?" "नाई आला." पण आता मी तिच्यासमोर डबाही उघडून दाखवायचे आणि स्टूल मीच पुढे करायचे. दुकानात दुसरं कोणी तिच्यावर वैतागलं तर त्याचा फॉर्म मी शेवटी भरायचे.

निकाल आला तेव्हा दुपारची बस यायची होती. यादीत तिचं तिन्ही शब्दांचं नाव होतं, आता ते मला पाठ होतं. मला बसपर्यंत थांबवेना. वर्ध्याला गेलो त्या दिवशी तिचा नंबर लिहून घेतला होता. दारावरची पाटी विसरून मी स्वतः फोन लावला.

फोन पायरीवरच वाजला. ती आदल्या बसनंच आली होती. चप्पल काढता काढता तिनं फोन पिशवीतून बाहेर काढला आणि मी समोरच उभी असल्यामुळे मला त्याच्यावरचं नाव वाचता आलं. माझा नंबर तिनं पाटीवरून कधीचा उतरवून घेतला होता. पण पाटीवर नाव नव्हतं, मग तिनं आपल्या मनानं घातलं होतं. मोठ्या मराठी अक्षरांत ते चमकत होतं : 'नाई आला'.

तिनं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. नवरा यंत्राच्या मागे वाकून हसत होता. मी मात्र रागावले नाही. फोन कानाला तसाच धरून, दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या तिला मी म्हटलं, "आला."

ती स्टुलावर बसली आणि पहिल्यांदाच तिनं मला काही विचारलं नाही.